घरचें धुणें

फीत रसायनांतून काढून तिच्यावरील गुप्त प्रतिमा दृश्य करण्याच्या क्रियेस मराठी माणूस ‘फिल्म धुणें’ असें म्हणतो. इंग्रजी शब्दाचा रोख उलगडण्याकडे आहे. आमच्या लोकांनीं मात्र त्या क्रियेस विहिरीवरचा शब्द दिला. तो आम्हांस पुष्कळ दिवस ओबडधोबड वाटे. गेल्या पावसाळ्यांत कोथरुडांतील आमच्या एका विद्यार्थ्यानें न्हाणीघराच्या खिडकीस काळें कापड लावून आठ मिलिमीटर रुंदीची फीत बादलींत धुतली. आम्ही दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होतों. तेव्हांपासून तो शब्द किती यथार्थ आहे, याविषयीं आमच्या मनांत संदेह उरला नाहीं.

सोळा मिलिमीटरची घरगुती फीत 1923 सालीं निघाली आणि आठ मिलिमीटरची 1932 सालीं. या अरुंद फितीची बहुधा वेगळी प्रत काढीत नाहींत. तीच फीत उलटी करून घेतात. प्रथम धुण्यानें जें काळें होतें, तें दुसऱ्या द्रवानें नाहींसें करावयाचें. उरलेल्या क्षारास उजेड दाखवून फिरून धुवावयाचें. मग हायपो, आणि शेवटीं स्वच्छ पाणी. या शेवटच्या पाण्यांत कंटाळा केला, तर फितींत राहिलेला हायपो पुढें कित्येक वर्षांनीं प्रतिमेस पिवळी पाडतो. सारांश, चित्राचें आयुष्य धुणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून असतें.

आतां आपल्या चित्रपटाच्या इतिहासाकडे वळूं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं 1899 सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्र घेतलें. ती फीत धुण्यासाठीं लंडनला गेली. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ 18 मे 1912 रोजीं मुंबईंत दाखविला गेला. त्याचीहि फीत लंडनलाच धुतली होती. दृश्य आमचें, पात्रें आमचीं. परंतु काळोखी खोली साता समुद्रांपलीकडची.

ती खोली आपल्या घरांत आणणें हें धुंडिराज गोविंद फाळके यांचें कार्य होय. ते 1912 च्या आरंभीं विलायतेस गेले आणि परत येऊन त्यांनीं तेथून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व छिद्रें पाडण्याचें यंत्र आणविलें. त्या काळीं कोरी फीत छिद्रांवांचून येई. छिद्रें पाडणें, चित्र घेणें, धुणें व प्रत काढणें हीं सर्व कामें दादरच्या राहत्या बंगल्यांत होऊं लागलीं. प्रारंभीं त्यांनीं कुंडींतल्या अंकुराची वाढ टिपली आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजीं कोरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला.

या चित्रपटाची लांबी सुमारें 3700 फूट सांगतात. फुटांत सोळा चौकटी आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांस चार चार छिद्रें, असा हिशेब केला तर एका प्रतीस 4,73,600 छिद्रें होतात. मूळ फीत धरली तर तितकींच आणखी. यंत्र होतें हें खरें. पण तें अंधारांत चालविण्यास हात लागत. ते हात पुष्कळ अंशीं सरस्वतीबाई फाळके यांचे होते. त्यांनीं दागिने दिले, छिद्रें पाडलीं, रसायनें कालविलीं, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर उजेड पाडला, आणि याशिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला.

कोणी म्हणेल, यांत आदर्श तो कसला? देशांत सोय नव्हती म्हणून घरीं केलें. शिवाय फीत व यंत्र परदेशींच होतें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गरजेला व्रताचें रूप देणें इतिहासकारास शोभत नाहीं. परंतु आमचा मुद्दा निराळा आहे. जें काम प्रयोगशाळेंत झालें असतां शास्त्र म्हणून नांवाजलें जातें, तेंच घरांत बाईनें केलें कीं तें ‘धुणें’ ठरतें. आणि धुण्याभांड्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. फाळक्यांना आपण जनक म्हणतों तें योग्यच; परंतु चित्रपटाचा संसार दोघांनीं मांडला होता, हें वाक्य पाठ्यपुस्तकांत अजून क्वचितच आढळतें.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यांत आहे आणि त्याचीं फिती ठेवण्याचीं थंड कोठारें आमच्या कोथरुडांत आहेत. 8 जानेवारी 2003 रोजीं पुण्यांतील चित्रपट संस्थेच्या आवारांत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येनें जळाल्या. कोठारांतील थंडाई उरलेल्यांचें रक्षण करील. परंतु फितीबरोबर ती कोणाच्या हातांनीं धुतली याची नोंद नसेल, तर रक्षण अर्धेंच झालें. आमच्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं फीत दोरीवर वाळत घातली आणि डब्यावर चिठ्ठी डकवून तींत चित्र घेणाऱ्याचें नांव लिहिलें. खालीं आणखी एक ओळ हवी, असें आम्हीं सुचविलें. त्याची आई बराच वेळ दाराबाहेर बादल्या भरून देत होती. त्यानें तिचें नांव लिहिलें.