बोरघाट आणि कल्चरचं ट्रेनिंग

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात दिवसभराचं एक ट्रेनिंग झालं होतं. विषय होता, परदेशी लोकांबरोबर काम करताना सांस्कृतिक फरक कसे सांभाळायचे. रेल्वेच्या डब्यांना लागणारे काही सुटे भाग आमच्याकडे बनतात (कंपनीचं नाव लिहीत नाही, घरच्यांना माहीत आहेच) आणि तेव्हा एका युरोपियन कंपनीचं मोठं काम नुकतंच आलं होतं. ट्रेनिंग देणाऱ्या बाई हुशार होत्या, बोलायच्याही छान. जर्मन माणूस 'नाही' म्हणाला की नाहीच, जपानी माणूस 'बघू' म्हणाला तरी बहुधा नाहीच, आणि भारतीय माणसाने मान हलवली तर काय ते त्यालाच ठाऊक... सगळे हसले. मीही हसलो. मग एक स्लाइड आली. भारतीय सप्लायर वाईट बातमी वेळेवर सांगत नाहीत, कारण समोरच्याला दुखवायचं नाही ही त्यांची संस्कृती आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.

ती स्लाइड बघताना मला भोसरीचा आमचा एक फॅब्रिकेटर आठवला. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो. त्याआधी बोरघाटाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दिवशी घरी येताना डोक्यात तोच घोळत होता.

बोरघाटाशी माझं नातं आजोळचं. आजोबा रेल्वेत, घर कर्जतला. सुट्टीत आम्ही मावसभावंडं स्टेशनवर जाऊन बसायचो. गाडी आली की तिला मागून बँकर इंजिनं लागायची, तेवढ्या वेळात वडेवाले खिडक्या-खिडक्यांतून फिरायचे, आणि मग ती सगळी वरात ढकलत-ओढत घाट चढायला लागायची. एवढ्या डोंगरात हा रस्ता कुणी खोदला, असं विचारलं की आजोबा म्हणायचे, "साहेबाने." आणि थोडं थांबून म्हणायचे, "म्हणजे साहेबाच्या हुकमाने. खोदला आपल्याच लोकांनी." पुढे मोठेपणी या घाटाच्या इतिहासाबद्दल वाचत गेलो तेव्हा त्या थांबण्याचा अर्थ कळला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमधली खाजगी कंपनी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई अशा मंडळींनी खटपट केली होती खरी, पण भांडवल आणि कारभार इंग्लंडचा. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीबरोबर करार झाला. त्यात भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. धंदा कमी झाला तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ते तर शाळेच्या पुस्तकातही आहे. तो पहिला तुकडा बांधणारे ठेकेदार फॅव्हिएल आणि फाउलर, दोघेही इंग्रज.

हे लोक येताना आपली काम करायची पद्धतही बरोबर घेऊन आले. इंग्लंडमध्ये रेल्वे अशीच बांधली जायची. मोठा ठेकेदार सगळं काम ठरलेल्या दराने अंगावर घेणार, त्याचे तुकडे करून पोटठेकेदारांना देणार आणि पोटठेकेदार टोळ्या लावणार. मुंबई ते ठाणे सपाटीच्या प्रदेशात हे बरं चाललं. घाटात मात्र परीक्षा होती. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं. २५ बोगदे. काही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट. एके जागी तर वळायलाच वाव नव्हता, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी तिथे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं. ठेका फॅव्हिएलचाच.

जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. इकडे खोपोलीपर्यंत गाडी येत होतीच. मधला घाट तेवढा राहिला. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून (ऐपत नसेल तर पायी) घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. दोन्हीकडे रूळ तयार आणि मध्ये डोंगर, म्हणजे कंपनीवर दडपण किती असेल बघा.

आता सांस्कृतिक फरक. ते होतेच, खोटं कशाला बोला. पहिला फरक पावसाचा. घाटावर येणारे पुष्कळसे मजूर शेतकरी होते. सुगी आटोपली की यायचे आणि पावसाच्या तोंडावर पेरणीला गावी जायचे. इंग्लंडातला रेल्वेमजूर वर्षभर मजूरच असायचा, त्यामुळे साहेबाला हे पळून जाण्यासारखं वाटायचं. दुसरा फरक मुकादमाचा. मजूर साहेबाला ओळखत नसत, त्यांना ओळख मुकादमाची. त्याने गावात येऊन उचल द्यायची, टोळी बांधायची, तिला कामावर आणायची, दुखलं-खुपलं बघायचं आणि मजुरीतून आपला वाटा काढायचा. ऊसतोडणीच्या टोळ्या बघितल्या असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिसरा फरक मला सगळ्यात गमतीचा वाटायचा. एकचाकी ढकलगाडीचा. साहेबांनी माती वाहायला ढकलगाड्या आणल्या आणि आपल्या मजुरांनी त्या भरून डोक्यावर उचलून नेल्या, अशी गोष्ट हिंदुस्थानातल्या अनेक रेल्वेमार्गांबद्दल सांगतात. ऐकून आपणही हसतो. पण जरा विचार केला तर? टोळीत कुटुंबच्या कुटुंब कामाला असायचं. पुरुष खोदणार, बायका-पोरं पाट्या वाहणार, आणि मजुरी निघाली तर सगळ्यांची मिळून निघणार. ढकलगाडी आली की ती चालवणार एकटा गडी. म्हणजे घरातल्या बाकीच्यांचा रोजगार गेला. पाटी सोडायची नाही यात अडाणीपणा कुठे आहे? तो सरळ हिशोब होता, फक्त साहेबाच्या वहीत न मांडलेला.

जानेवारी १८५९ मध्ये घाटातल्या मजुरांचा दंगा झाला. युरोपियन देखरेख्यांवर हल्ले झाले. सत्तावन्नचं बंड होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा सरकारच्या पोटात गोळा आला असणार. हा रानटीपणा आहे, हे लोक असेच, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण चौकशी झाली आणि कारण निघालं मजुरीचं. काम केलेल्या लोकांना पैसे वेळेवर आणि पुरते मिळत नव्हते. वरून खाली पैसे येईपर्यंत मधल्या हातांमध्ये ते अडत होते, झिरपत होते. मुकादमाने गावात शब्द दिलेला, मजुरांनी त्या शब्दावर अंगमेहनत केलेली आणि साहेबाच्या माणसाकडून उत्तर काय तर, पुढच्या मापाला बघू. दोन-तीन महिन्यांत मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढे याच माणसाने सिलोनमध्ये कोलंबो ते कँडी रेल्वे बांधली, म्हणजे कामात कच्चा नव्हता.

यात सांस्कृतिक फरकाचा भाग किती? माझ्या मते इंग्लंडचाच दाखला बघावा. तिथे ठेकेदार इंग्रज, मजूर इंग्रज नाहीतर आयरिश, भाषाही बहुतेकांची एकच. तरी तिथल्या रेल्वेमजुरांचे पगार आठवडेच्या आठवडे तुंबायचे. त्यांना ठेकेदाराच्याच दुकानातून महागडं सामान उधारीवर घ्यायला लागायचं, आणि त्यावरून तिथेही दंगे व्हायचे. इतकं की १८४६ मध्ये पार्लमेंटला रेल्वेमजुरांच्या हालांची चौकशी करायला समिती नेमावी लागली. म्हणजे साहेबाने बोरघाटात रुळांबरोबर तेही आणलं होतं. फरक एवढाच, की इथे त्याला नाव देताना 'नेटिव्ह लोकांचा स्वभाव' हे उत्तर हाताशी तयार होतं.

नंतरची हकीकत तर अजब आहे. ठेका सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या ठेकेदाराला मिळाला. तो बायकोसह मुंबईत उतरला आणि काही आठवड्यांतच, १८५९ संपायच्या आत, वारला. परक्या मुलखात एकटी पडलेली त्याची बायको अॅलिस परत जाईल असं वाटावं, तर तिने ठेका चालू ठेवला. अॅडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती काम सोपवलं आणि पुरं करून घेतलं. १८६१ मध्ये घाटात ४२,००० च्या वर माणसं राबत होती. पटकी आणि तापाने किती गेली त्यांची नावं कुठेही नाहीत. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाट खुला झाला.

आता बघा, दोन-तीन वर्षांत मजुरांची संस्कृती काही बदलली नव्हती. तेच मुकादम, त्याच पाट्या, तोच पाऊस. बदलला तो ठेकेदार. आणि मधल्या काळात १८६० चा नववा कायदा आला होता. रेल्वे आणि तसल्या सार्वजनिक कामांवर मजुरीचा वाद झाला, तर मॅजिस्ट्रेटने तो झटपट निकालात काढावा असा. अर्थात त्याला दुसरी बाजूही होती. मजुराने करार मोडून काम सोडलं तर तो गुन्हा ठरून त्याला तुरुंग होता. मालकाने पैसे बुडवले तर ती नुसती देण्याघेण्याची बाब. हा कायदा रद्द व्हायला १९३२ साल उजाडलं.

आता भोसरीचा फॅब्रिकेटर. छोटं वर्कशॉप, सात-आठ माणसं. युरोपियन कंपनीच्या कामातले ब्रॅकेट त्याच्याकडे दिले होते. मध्येच ड्रॉइंग बदललं. त्याने नवीन ड्रॉइंगप्रमाणे माल दिला, पण बदलाच्या कागदावर तिकडची सही आली नव्हती, म्हणून आमच्या अकाउंट्सने बिल अडवलं. एक महिना, दोन महिने, पाच महिने. मी फोन केला की तो म्हणायचा, "होईल साहेब, बघतो." आणि एक दिवस माल यायचा बंद झाला. त्याच सुमारास ते ट्रेनिंग होतं. क्लायंटचे दोन लोकही बसले होते. स्लाइड आली तेव्हा त्यातल्या एकाने आमच्याकडे बघून हसत मान हलवली, की बघा, हेच!

मला खरं कारण माहीत होतं. बिलाचा नंबरही पाठ होता. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तोही माहीत होता. पण त्या कायद्याने आमच्याविरुद्ध दाद मागितली तर पुढची ऑर्डर कोण देणार? म्हणून तो 'बघतो' म्हणत होता. आणि मी? मीही कुणाला दुखवलं नाही. हसलो आणि चहाला गेलो.

त्या रात्री गाडी घाट उतरताना (आईला भेटायला कर्जतला चाललो होतो) असं वाटलं, की या गोष्टीत आपण कोण? साहेब नाही, मजूरही नाही. आपण मुकादम. पण त्या घाटातल्या मुकादमाला निदान गावात परत जाऊन तोंड दाखवायचं होतं.

सोमवारी मी मेल लिहिला. कल्चरचा 'क' काढला नाही. फक्त तारखा, ड्रॉइंग नंबर आणि रक्कम. क्लायंटच्या त्याच हसणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवसांत सही करून पाठवली आणि वर लिहिलं की हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! त्यांचंही खरं होतं. बिल दोन हप्त्यांत निघालं. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि त्याने दिवाळीआधीच तीन माणसं कमी केली होती. आमचं काम त्याने पुन्हा घेतलं नाही. मी फोन केला तर आवाजात राग अजिबात नव्हता. "बघतो साहेब," एवढंच म्हणाला. या वेळी मला अर्थ कळला.

ट्रेनिंगच्या बाई चूक होत्या असं मला म्हणायचं नाही. मान हलवण्याचे घोळ खरंच होतात. पण आता कुणी 'त्यांचं कल्चरच तसं आहे' म्हणालं, की मी आधी अकाउंट्सला फोन करून कुणाचं बिल अडलंय का ते विचारतो. बहुतेक वेळा एखादं सापडतंच.

असो. पुढच्या वेळी पुण्याला जाताना कर्जतला वडा घ्याल, तेव्हा एकदा वर डोंगराकडे बघा. आणि मावसभावंडांपैकी कुणाला आजोबांची आणखी काही घाटाची आठवण असेल, तर जरूर लिहा.