अंगठ्याचा ठोका : बास गिटारवरील 'स्लॅप' वादनाची कुळकथा

वाद्यमेळात बास या वाद्याकडे बहुधा घरातल्या अबोल वडीलधाऱ्याची भूमिका येते. तो आहे म्हणून घर उभे असते. पण आल्यागेल्याचे लक्ष काही त्याच्याकडे जात नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत हा अबोल गृहस्थ एकाएकी मोठ्याने बोलू लागला. त्याच्या त्या बोलण्याला 'स्लॅप' असे नाव पडले, आणि तेव्हापासून जाणकारांत दोन तट पडले ते आजतागायत. एक पक्ष म्हणतो, ही शुद्ध कसरत आहे, संगीत नव्हे. दुसऱ्या पक्षाला ही कसरत ज्याला येत नाही तो बासवादकच वाटत नाही. आमच्या मते दोघेही या पद्धतीची कुळकथा विसरतात.

प्रथम ही क्रिया कशी होते ते सांगितले पाहिजे. बास गिटारला सामान्यतः चार जाड तारा असतात आणि त्या बोटांनी छेडल्या जातात. स्लॅपमध्ये वादक अंगठ्याच्या हाडाची बाजू तारेवर आपटतो. तार पडद्यांवर आदळते आणि स्वराबरोबर एक टणक ठोका उमटतो. त्याच्या जोडीला तर्जनी वरच्या पट्टीच्या तारेखाली घालून ती तार उचलायची आणि सोडून द्यायची. ती चटकन पट्टीवर आपटते. अंगठ्याचा आवाज खालचा व भरीव, बोटाचा आवाज वरचा व तडतडीत. डग्गा आणि तबला यांची ज्यांना सवय आहे, त्यांना यातले मर्म वेगळे सांगावयास नको.

तार आपटून आवाज काढण्याची कल्पना मुळात नवी नाही. बीबर नावाच्या संगीतकाराने १६७३ मध्ये लढाईचे चित्र रंगविताना बासची तार आपटवून तोफेचा भास निर्माण केला होता. परंतु तो एका प्रसंगापुरता चमत्कार होता. नित्याच्या वादनात ही रीत रुजली ती न्यू ऑर्लिन्स या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी. तेथील जॅझ मंडळींजवळ माणसाहून उंच असा उभा बास असे. कर्णे आणि क्लॅरिनेट यांच्या गलबल्यात, नाचघराच्या गोंगाटात, गजाने वा बोटाने वाजविलेला बास ऐकू येणार कसा? मग वादक तार ओढून सोडीत, ती लाकडावर आपटे, आणि मधल्या मात्रेवर तळहाताची थाप पडे. बिल जॉन्सन, पॉप्स फॉस्टर, वेलमन ब्रॉड ही या पिढीतली ठळक नावे. वाजविता वाजविता गज मोडला आणि त्यातून ही युक्ती सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. गज मोडो वा न मोडो, गरज होती हे खरे.

येथे ध्वनिमुद्रणाचाही हिशेब ध्यानी घेतला पाहिजे. १९२५ पूर्वी मायक्रोफोन वापरात नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर बसून वाजवीत, आणि खालचे स्वर त्यात फारसे उतरत नसत. किंग ऑलिव्हरच्या मेळाच्या १९२३ मधील तबकड्यांवर बिल जॉन्सन हा बासवादक चक्क बँजो वाजवितो आहे! विद्युत्-मुद्रण आल्यावर ड्यूक एलिंग्टनच्या मेळात ब्रॉडची थाप स्पष्ट ऐकू येऊ लागली. पण १९३९ मध्ये त्याच मेळात जिमी ब्लँटन हा तरुण आला. त्याने बासला गाते केले, आणि १९४२ मध्ये अवघ्या तेविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला. त्याच्यानंतर जॅझमध्ये थाप मारणे जुनाट ठरले.

ती जिवंत राहिली अन्यत्र. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस येथे एल्विस प्रेस्लीने आपली पहिली गाजलेली तबकडी मुद्रित केली, तेव्हा खोलीत वाजविणारे तिघेच होते : एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक. ढोल नव्हताच. त्या गाण्याची टकटक चालते ती बऱ्याच अंशी ब्लॅकच्या तळहातावर. आमच्याकडे शाहिराच्या मागे तुणतुणे वाजते, तेही एका तारेवर सूर आणि ठेका दोन्ही सांभाळते. दोहोंचा काही संबंध नाही. पण माणसे थोडी असली की वाद्याला दुहेरी चाकरी करावी लागते, ती अशी.

तोवर, १९५१ मध्ये, लिओ फेंडरने विजेवर चालणारा बास बाजारात आणला होता. आता बास हवा तेवढा मोठा करता येऊ लागला. म्हणजे थापेचे मूळ कारणच संपले. मग ती परत का आली?

याचे उत्तर कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात मिळते. लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या आईबरोबर, डेल ग्रॅहम यांच्याबरोबर, क्लबांतून वाजवीत असे. आई पियानोवर, तो गिटारवर, आणि पायाने ऑर्गनचे खालचे स्वर. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने तात्पुरता भाड्याने बास आणला. पुढे मेळात ढोलवादकही राहिला नाही. तेव्हा अंगठ्याने मोठ्या ढोलाचा आणि बोटाने छोट्या ढोलाचा आवाज काढून त्याने ती उणीव भरली. तो मुळात गिटारवादक. बास कसा 'शुद्ध' वाजवावा हे त्याला कोणी शिकविले नव्हते, आणि आम्हांस वाटते की हेच त्याच्या पथ्यावर पडले. न्यू ऑर्लिन्सकडून त्याने काही उसने घेतले नाही. एकाच अडचणीने दोनदा एकच वाट काढली.

पुढे तो स्लाय अँड द फॅमिली स्टोन या मेळात गेला. डिसेंबर १९६९ मध्ये निघालेले त्यांचे 'थँक यू' हे गीत फेब्रुवारी १९७० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, आणि ग्रॅहमचा अंगठा घरोघर ऐकू गेला. या मेळात उत्तम ढोलवादक होता, हे मुद्दाम सांगावयास हवे. म्हणून ग्रॅहमने जे केले ते आणखी कठीण होते : ढोलाची जागा न घेता ढोलाच्या फटीत बसणे. त्या गीतात बासची आकृती जवळजवळ एकच आहे, आणि तीत जितके स्वर तितकेच मौनही आहे.

यानंतर गर्दी झाली. स्टॅन्ली क्लार्क, लुई जॉन्सन, मार्कस मिलर हे खरे कसलेले वादक. मिलरने माइल्स डेव्हिसच्या मेळातही ही पद्धत प्रतिष्ठेने वागविली. पण १९८० नंतरच्या दशकात जो तो अंगठा आपटू लागला. अमेरिकेतील 'साइनफेल्ड' या दूरचित्रवाणी मालिकेच्या स्वरात जो स्लॅप ऐकू येतो, तो तर की-बोर्डवर वाजविलेला आहे. तार नाही, अंगठाही नाही!

विरोधकांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. आपटलेला स्वर लवकर विझतो. मींडेसारखी मुलायम हालचाल त्यात साधत नाही. डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनने मोटाउनच्या असंख्य गीतांत एकाच तर्जनीने जे भाव उभे केले, ते अंगठ्याच्या ठोक्याने होणे नव्हते. संथ गीतात हा ठोका खटकतो, आणि आधीच तालवाद्यांची दाटी असेल तर नुसता कल्लोळ वाढवितो. परंतु जेथे माणसे मोजकी आहेत, पाय थिरकवायचे आहेत आणि ढोलाने जागा मोकळी ठेवली आहे, तेथे याच्याइतके कामाचे दुसरे साधन बासवादकाजवळ नाही. स्वतः ग्रॅहम याला स्लॅप म्हणत नाही. त्याच्या शब्दांचा मराठीत अर्थ करायचा तर 'धपका देणे आणि तार उपटणे' एवढाच होतो.