काकमारीची कुळकथा

सह्याद्रीच्या कोकण-गोव्याकडच्या उतारांवर मोठ्या झाडांच्या आधाराने चढणारी एक दांडगी वेल आहे, काकमारी. पानं रुंद, खोडाची साल जाड आणि भेगाळलेली, फळांचे घोस लोंबते. फळ सुकलं की वाटाण्याएवढं, काळपट, सुरकुतलेलं होतं. ते कुटून साचलेल्या पाण्यात टाकायचं आणि मासे धरायचे, ही जुनी रीत. थोड्या वेळात मासे वर येतात, गोल गोल फिरतात, मग उलटे होऊन तरंगू लागतात. या माशांना नेमकं काय होतं, हे कळायला विसाव्या शतकाची साठी उजाडावी लागली. ते कळलं तेव्हा मेंदूबद्दलची समजूतच पालटली.

फळाचा प्रवास मात्र फार आधी सुरू झाला होता. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या बंदरांतून ते युरोपात पोचलं. इंग्लंडात बीयर अधिक चढावी म्हणून काही जण ते तिच्यात मिसळत, आणि त्यावर कायद्याने बंदी आणावी लागली. 1812 साली बुले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने त्यातलं विष वेगळं काढलं. ते पिक्रोटॉक्सिन. ते पोटात गेलं तर माणसाला आणि जनावराला झटके येतात. तरीही 1930नंतरची काही वर्षं डॉक्टर तेच औषध म्हणून टोचत. झोपेच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त घेऊन बेशुद्ध पडलेल्या रुग्णाला जागं करण्यासाठी त्याचा उपयोग होई. एक विष दुसऱ्याला उतारा का ठरतं, याचं उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हतं.

उत्तराचा धागा वेगळ्याच टोकाला होता. 1950 साली यूजीन रॉबर्ट्स आणि जॉर्ज अवापारा यांनी मेंदूत गाबा नावाचं साधं अमिनो आम्ल असल्याचं दाखवलं. ते तिथे काय करतं, कोणी सांगू शकत नव्हतं. त्याच सुमारास एर्न्स्ट फ्लोरी मेंदूच्या अर्काचे थेंब गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याच्या, क्रेफिशच्या, चेतापेशीवर टाकून पाहत होते. एरवी टकटक संदेश देणारी ती पेशी अर्क पडताच गप्प होई, आणि पिक्रोटॉक्सिन दिलं की पुन्हा बोलू लागे. अर्कातलं हे गप्प करणारं द्रव्य कोणतं? गुरांच्या मेंदूतून ते वेगळं काढण्यात 1957 साली यश आलं, आणि ते गाबाच निघालं. पुढे 1967 साली क्रन्येविच आणि श्वार्ट्‌झ यांनी मांजराच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या सुरकुतलेल्या थरात, गाबा हेच काम करतं याचा भक्कम पुरावा दिला.

या थरातल्या साधारण पाचातल्या चार चेतापेशी दुसऱ्या पेशींना चेतवतात. पाचवी निरोधक असते. ती शेजारणीवर गाबा सोडते, तिथलं सूक्ष्म दार उघडतं, बहुधा क्लोराईड आयन आत शिरतात आणि ती पेशी पेटणं अवघड होतं. काही निरोधक पेशी दुसरीच्या मुख्य धडाभोवती जाळं विणतात. काही थेट तिच्या तंतूच्या उगमावर, जिथून संदेश निघतो तिथेच, बसतात. संदेश आला की काही सहस्रांश सेकंदांत त्याला वेसण पडते. पिक्रोटॉक्सिन त्या दाराच्या पोकळीत अडकतं आणि वेसण सुटते. मग लहानशी चेतनाही थरभर पसरत जाते. मासा गोल फिरतो, माणसाला झटका येतो. बार्बिट्युरेट हेच दार जास्त वेळ उघडं ठेवतात. उताऱ्याचं कोडं असं सुटलं.

पण निरोधाचं काम फक्त झटका टाळण्यापुरतं असतं, तर ही कथा इथेच संपली असती. 1975 साली ॲडम सिलिटो यांनी मांजराच्या दृष्टीच्या बाह्यकात गाबाला अडवणारं दुसरं एक द्रव्य सोडलं. ठरावीक दिशेने सरकणाऱ्या रेघेलाच उत्तर देणाऱ्या काही पेशी इतर दिशांनाही उत्तर देऊ लागल्या. 1997 साली मार्क स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांना पिक्रोटॉक्सिन दिलं. अगदी वेगळे वास त्यांना ओळखता आले, जवळजवळ सारखे वास मात्र एकमेकांत मिसळले. बारीक फरक कळतो तो निरोधामुळे, हे याहून नेटकं क्वचितच दाखवलं गेलं असेल.

या कामाची एक फांदी पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत वाढली आहे. पुढे तिथे आलेले कॉलिन्स असिसी यांनी 2011 साली स्टॉफर आणि बाझेनोव्ह यांच्यासह टोळाच्या वास ओळखणाऱ्या जाळ्याचं गणित मांडलं. निरोधक पेशी कोण कोणाला दाबते, यावरून कोणत्या पेशी एकत्र बोलतील हे त्यातून सांगता येतं. तिथलेच निक्सन अब्राहम यांनी 2010 साली, जर्मनीत असताना, उंदरांच्या मेंदूतल्या वासाच्या केंद्रात निरोध वाढवला तर सारख्या वासांतला फरक लवकर कळतो आणि कमी केला तर उशिरा, हे सहकाऱ्यांसह दाखवलं.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की साधारण 50 किलोमीटरवर, नीरेकाठी शिरवळ लागतं. तिथे 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पशुवैद्यकाला हे सगळं रोजच्या कामात लागतं, कारण काकमारीच्या विषाची कृत्रिम भावंडं आता गोठ्यापर्यंत पोचली आहेत. कुत्र्याच्या गोचिडांवर मारायचं फिप्रोनिल गोचिडाच्या मज्जासंस्थेतलं हेच दार बंद करतं. कीटक-गोचिडांच्या दाराला ते घट्ट चिकटतं, सस्तन प्राण्यांच्या दाराला बरंच सैल. म्हणून कुत्रा वाचतो आणि गोचीड मरतं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेलं एंडोसल्फान हे कीटकनाशकही याच दारावर बसणारं. विषबाधेने जनावर थरथरू लागलं की डायझेपाम टोचतात, ते गाबाचा हात बळकट करण्यासाठी.

सैल म्हणजे निर्धोक नव्हे. कुत्र्याच्या फवाऱ्यात फिप्रोनिल 0.25 टक्के असतं, पिकावर मारायच्या द्रावणाच्या बाटलीत 5 टक्के, म्हणजे वीसपट. सशाला तर कुत्र्याचा फवाराही घातक ठरतो. 2017 साली युरोपात कोंबड्यांच्या खुराड्यांत ते वापरलं गेलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तेव्हा शेतातली बाटली गोठ्यात आणू नका. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी पशुवैद्यकाला विचारा, आणि दिलेल्या औषधानंतर किती दिवस दूध काढून टाकायचं, तेही विचारून घ्या.