शिट्टी ही उरलेल्यांची जागा नव्हे

नागपूरच्या फुटबॉलमध्ये एक मत इतकं मुरलं आहे की ते मांडायचीही कुणाला गरज वाटत नाही. पाय चालतात तोवर खेळायचं. गुडघा गेला, क्लबच्या यादीतून नाव गळलं, की शिट्टी हातात घ्यायची. थोडक्यात, खेळाडू म्हणून ज्याचं काही झालं नाही तो रेफरी होतो. याच मताची दुसरी बाजू घरोघरी ऐकू येते: रेफरीगिरीवर पोट भरत नाही, तेव्हा ती हौस म्हणायची, करिअर नव्हे. माझ्या मते या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांनी या शहराचं नुकसान केलं आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. ज्याच्या नडगीवर बूट बसलेला असतो त्यालाच फाउल कळतो, असं जुने खेळाडू सांगतात. कामठीच्या रब्बानी क्लबची किंवा नागपूरच्या राहुल क्लबची मॅच असली, भोवती तापलेली गर्दी असली, की नाव कमावलेल्या माजी खेळाडूचा शब्द चालतो. कोवळ्या पोराला पोट्टे जुमानत नाहीत. २०२२ च्या विश्वचषकाची अंतिम लढत सांभाळणारा शिमॉन मार्चिनियाक तरुणपणी स्वतः खेळलेला होता, हेही खरं. खेळण्याचा अनुभव रेफरीच्या कामी येतो, हे मला मान्य आहे. पण कामी येणं वेगळं आणि तेवढ्यावर भागणं वेगळं.

मैदानातलाच एक प्रसंग घ्या. बचावपटू घसरत येतो, चेंडूला पाय लावतो आणि त्याच झोकात समोरच्याचा घोटा उडवतो. अकराच्या अकरा जण ओरडतात, ‘बॉल, बॉल! आधी बॉल लागला!’ वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाला ही सबब पटते, कारण तो याच समजुतीत वाढलेला असतो. पण आधी चेंडू लागला म्हणून फाउल माफ, असं नियमात कुठेही नाही. नियम एवढंच विचारतो की आव्हान निष्काळजी होतं, बेदरकार होतं, की त्यात गरजेपेक्षा जास्त बळ होतं. निष्काळजी असेल तर नुसती फ्री किक, बेदरकार असेल तर पिवळं कार्ड, जास्त बळ असेल तर लाल. हे रेफरीला एका क्षणात ठरवायचं असतं, तेही धावता धावता. शिवाय खेळाडूची नजर चेंडूवर असते, तर रेफरीला चेंडूवरची नजर काढून पुढची टक्कर कुठे होणार तिथे लावावी लागते. ही सवय खेळून लागत नाही. ती वेगळी शिकावी लागते, आणि वीस वर्षं चेंडूमागे धावलेल्याला तर आधीची सवय मोडावी लागते.

युरो २००० मधल्या सामन्यांचा अभ्यास करून बेल्जियमचे संशोधक वर्नर हेल्सन आणि जाँ-बर्नार बुल्टिंक यांनी दाखवलं की एका सामन्यात रेफरी सरासरी १३७ दिसून येणारे निर्णय घेतो. यात ‘खेळू द्या’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी धरलेल्याच नाहीत. एवढं काम निवृत्तीनंतरचा विरंगुळा म्हणून होत नाही.

माजी खेळाडूचा दरारा असतो, या मुद्द्याकडे मला जरा रेंगाळून पाहायचं आहे, कारण नागपुरात तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. २००२ साली इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस पात्र रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्याची एकच चित्रफीत दाखवली. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. ज्यांचा त्या दोन संघांशी काही संबंध नव्हता त्यांची ही गत. आता आपल्याकडचा माजी खेळाडू पाहा. तो कुठल्या ना कुठल्या क्लबचा असतो. यंग मुस्लिमचा, रब्बानीचा, पोलिसांचा, रेल्वेचा. त्याचं नाव ज्या गर्दीने मोठं केलं तीच गर्दी मोतीबागच्या मैदानावर त्याच्या पाठीशी उभी असते. त्याने अगदी सचोटीने निर्णय दिला तरी हरलेली बाजू त्याच्या जुन्या जर्सीचा रंग काढणारच. कुठल्याच क्लबचा शिक्का नसलेला, लहान वयात नियम शिकून तयार झालेला रेफरी या शहराला जास्त हवा आहे.

पिएरलुइजी कोलिना सतराव्या वर्षी रेफरीच्या वर्गात जाऊन बसला. पुढे २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शिट्टी त्याच्याच हाती होती. स्तेफानी फ्रापार तेराव्या वर्षी नियम शिकायला लागली, आणि १ डिसेंबर २०२२ रोजी कोस्टा रिका-जर्मनी सामना घेऊन पुरुषांच्या विश्वचषकात मुख्य रेफरी होणारी पहिली स्त्री ठरली. क्रिकेटमध्येही हेच दिसतं. आपले पिलू रिपोर्टर वीज मंडळात नोकरी करत पंचगिरीत उतरले, आणि १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडीज मालिकेत व्ही. के. रामस्वामींसोबत लाहोरला तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. खेळाडू म्हणून त्यांच्या किती धावा झाल्या, असं त्यांना तिथे कुणी विचारलं नाही.

वयाचा हिशेबही याच बाजूचा आहे. फिफाच्या यादीत येण्यासाठी रेफरीचं वय किमान २५ लागतं. त्याआधी जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या चढायच्या, प्रत्येक ठिकाणी लेखी परीक्षा, प्रत्यक्ष सामना आणि धावण्याची चाचणी द्यायची. आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरीची चाचणी पाहा: ४० मीटरच्या सहा दौडी, प्रत्येक सहा सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर. गुडघा गेल्यावर शिट्टी घेतलेल्या माणसाला आपण या रांगेत कसं उभं करणार? अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हाती सात हंगाम असतात. चौतिसाव्या वर्षी सुरुवात करणारा जिल्ह्याच्या पायरीवरच थकतो, आणि मग आपणच म्हणतो की रेफरीगिरीत पुढे काही नाही.

आता पोटाचा प्रश्न. भारतात फार थोड्या रेफरींचा निव्वळ या कामावर संसार चालतो, हे खरंच आहे. पण इंग्लंडमध्येसुद्धा पूर्णवेळ पगारी रेफरी २००१ मध्ये आले. २०१० च्या विश्वचषकाची अंतिम लढत घेणारा हॉवर्ड वेब पोलीस सार्जंट होता, २०१४ ची घेणारा निकोला रित्सोली वास्तुविशारद. आधी कसब उभं राहिलं, पगार मागून आला. आणि नागपूरचे खेळाडू तरी कशावर जगतात? रेल्वेच्या, पोलिसांच्या नोकरीवर. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा गुणवान खेळाडूंसाठी राखीव आहेत. रेफरीसाठी तशी सोय नाही. शिवछत्रपती पुरस्कारांत खेळाडू, मार्गदर्शक, साहसी खेळ यांना जागा आहे, पंचांसाठी वेगळा पुरस्कार नाही. तेव्हा पोट भरत नाही हा दोष कामाचा नसून आपण लावलेल्या व्यवस्थेचा आहे, आणि व्यवस्था बदलता येते.

भारताचा पुरुष संघ विश्वचषकात आजवर एकही सामना खेळलेला नाही. पण २००२ च्या कोरिया-जपान विश्वचषकात के. शंकर सहायक रेफरी म्हणून झेंडा घेऊन उभे होते. २०१६ मध्ये जॉर्डनला मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारताचा संघ तिथे नव्हता. गोव्याच्या उवेना फर्नांडिस मात्र सहायक रेफरी म्हणून होत्या. फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या मंचावर भारत ज्या वाटेने आधी पोहोचला, तिलाच आपण अपयशी माणसांची वाट म्हणत आलो आहोत.

यावर नागपूरचाच एक आक्षेप येऊ शकतो. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे यांनी उभ्या केलेल्या स्लम सॉकर या संस्थेला २०१६ चा फिफा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. तिथे ‘फुटबॉल थ्री’ नावाची पद्धतही खेळवली जाते: आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग रेफरीशिवाय खेळतात, शेवटी पुन्हा बसून कोण कसं खेळलं याचे गुण देतात. मग रेफरी हवाच कशाला? पण तिथेही एक मध्यस्थ असतोच. तो खेळ पाहतो, दोन्ही बाजू ऐकतो, भांडण शब्दांवर आणतो. वस्तीतली सोळा-सतरा वर्षांची पोरंपोरी हे काम करतात, म्हणजे रेफरीच्या कामाचा अवघड अर्धा भाग त्या वयात जमतो याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. उरला नियमांचा आणि पळण्याचा अर्धा. तो शिकवता येतो.

म्हणून जिल्हा संघटनेकडे, कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांकडे आणि क्लबांकडे माझं मागणं साधं आहे. कबड्डीची पंच परीक्षा जशी आपल्याकडे शिक्षक आणि तरुण रीतसर देतात, तशी फुटबॉलची रेफरी परीक्षा खेळाडू-नोंदणीच्या वेळीच जाहीर करा. प्रत्येक कॉलेजातून निदान दोघांना तिला बसवा, त्यातली एक मुलगी असू द्या. शालेय सामन्यांत त्यांच्या हाती झेंडा द्या, आणि मैदानाबाहेरून त्यांना शिव्या देणाऱ्या मोठ्या माणसाला क्लबने स्वतः उठवून बाहेर काढा. आणि आईवडिलांनो, घरातली अठरा वर्षांची मुलगी रेफरी व्हायचं म्हणाली, तर खेळाडू का झाली नाहीस असं तिला विचारू नका. फॉर्म भरायला तिच्यासोबत जा.