आत्मक्षती, किशोरवयीन

जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीरास जाणूनबुजून केलेली इजा, म्हणजे आत्मक्षती होय. तिचा आरंभ बहुधा वयाच्या १२ ते १४ वर्षांच्या सुमारास होतो. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार सु. १७ टक्के किशोरवयीन मुलामुलींनी निदान एकदा तरी असे केल्याचे सांगितले. समाजमान्य विधींचा अंतर्भाव या संज्ञेत होत नाही. अंगावर कोरडे ओढणारा पोतराज आपले कृत्य सर्वांदेखत करतो व त्याचा अर्थ पाहणाऱ्यास ठाऊक असतो. किशोराची आत्मक्षती याउलट एकांतात घडते आणि शक्यतो लपविली जाते. आत्महत्येच्या प्रयत्नाहून ती वेगळी असली, तरी ती वारंवार करणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला आढळतो. म्हणून ती किरकोळ मानता येत नाही.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर (१८९३–१९९०) यांनी १९३८ मध्ये या वर्तनाचा अर्थ आत्मनाशाच्या प्रेरणेशी केलेली तडजोड असा लावला. अर्धशतकानंतर, १९८७ मध्ये, आर्मांडो फवाझा यांनी सांस्कृतिक आचार आणि विकृतिजन्य वर्तन यांत भेद करून विषयास व्यापक बैठक दिली. तथापि सामान्य समजूत निराळीच राहिली. ‘लक्ष वेधून घेण्यासाठी केलेले नाटक’ हा घराघरांतून आणि शाळांतून दिला जाणारा निवाडा आजही ऐकू येतो. मॅथ्यू नॉक व मिचेल प्रिन्स्टीन यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात किशोरांनी स्वतः सांगितलेली कारणे तपासली, तेव्हा असह्य भावनेपासून सुटका हे कारण सर्वांत वारंवार पुढे आले. दुसऱ्यावर परिणाम घडविण्याची कारणे त्या मानाने कमी आढळली. क्षणभर मिळणारा हा आराम हीच आत्मक्षतीची पकड होय. त्यामागून येणारी शरम मुलाला अधिक एकटे पाडते.

भावनेइतकाच निर्णयाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. नॉक व वेंडी मेंडीस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर व तरुण वयाच्या व्यक्तींना मनस्ताप देणारे एक काम दिले. आत्मक्षती करणाऱ्यांच्या शरीरात ताणाची प्रतिक्रिया अधिक तीव्र उमटली व त्यांनी ते काम लवकर सोडले. नंतर त्यांच्यापुढे मित्र, पालक, शिक्षक इत्यादींशी उद्भवणारे प्रसंग ठेवण्यात आले. येथील निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. चांगले उपाय सुचविण्यात ही मुले इतरांहून मागे नव्हती. पण प्रत्यक्ष निवड करताना त्यांनी प्रतिकूल उपाय अधिक वेळा निवडले आणि योग्य उपाय आपल्याला जमेल, असा विश्वास त्यांना कमी होता. उणीव समजुतीची नसून भरवशाची होती. अशा मुलास उपदेश केल्याने फारसे साधत नाही, याचे कारण येथे सापडते. उपदेशातील मजकूर त्याला आधीच ठाऊक असतो.

मूल एकटे निर्णय घेत नाही, ही दृष्टी मुंबईत बरीच जुनी आहे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅन्शर्ट यांच्या संचालकत्वाखाली नागपाडा येथे सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र काढले. ते देशातील पहिले मानले जाते. शिकागो येथे विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये बालन्यायालयाच्या जोडीने ज्या कार्याचा आरंभ केला, त्यातून ही पद्धती वाढली होती. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी मिळून मूल पाहावे आणि मुलाबरोबर घर व शाळाही पाहावी, हे तिचे सूत्र होते. आत्मक्षती ही स्वतंत्र संज्ञा त्या काळी रूढ नव्हती. १९४४ मध्ये संस्थेस टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये ती देवनार येथे आली. उपनगराचा हा भाग मुंबईकरांना कचराभूमी व कत्तलखान्यामुळेच अधिक परिचित आहे. लगतच्या मानखुर्द येथे, १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे आहेत.

कायद्याची वाटचाल मात्र दीर्घकाळ निराळ्या दिशेने झाली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३०९ अन्वये आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा होती. आणि समज पुरेशी पक्व नसल्याची सबब त्या संहितेने बारा वर्षांपर्यंतच मान्य केली होती. केवळ आत्मक्षती हा गुन्हा नव्हता. परंतु हेतू कोणता होता, हे जखमेवरून ठरविता येत नाही. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मुलाला रुग्णालयात नेण्यास आईवडील कचरत, हे त्यामुळे स्वाभाविकच होते. हे कलम रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९७१ मध्ये केली. तदनुसार आलेले विधेयक १९७८ मध्ये राज्यसभेत संमत झाले, पण लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निर्णय दिला, परंतु १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरविला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ मध्ये अंमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरावयाचे असून तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा शिक्षापात्र आहे.

भय कमी झाले, तरी कोणाला सांगावे हा निर्णय मुलापुढे उरतोच. मुंबईतील एका खोलीच्या घरात तर तो अधिकच अवघड होतो. देवनारच्या टाटा संस्थेने २०१२ मध्ये दूरध्वनी व ई-मेलद्वारे समुपदेशन करणारी ‘आयकॉल’ सेवा सुरू केली. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.