तिरप्या डोक्याची कुळकथा

नवजात बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांना जखडलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात आणि शिवणी जिथे मिळतात तिथे टाळू असते. मेंदू वाढतो तशी हाडे या शिवणींपाशी वाढत जातात. एखादी शिवण वेळेआधीच सांधली गेली, तर तिच्या काटकोनातली वाढ खुंटते आणि कवटी शिवणीच्या दिशेने लांबत जाते. हा नियम जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५१ मध्ये मांडला. जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या क्रेटिनिझमचा, म्हणजे वाढ खुंटवणाऱ्या विकाराचा, अभ्यास करताना वेड्यावाकड्या कवट्यांकडे त्यांचे लक्ष गेले होते. होडीसारखे लांबट डोके म्हणजे स्कॅफोसेफली, त्रिकोणी कपाळ म्हणजे ट्रायगोनोसेफली, तिरपे डोके म्हणजे प्लेजिओसेफली, अशी ग्रीक नावे त्याच शतकात रूढ झाली. या नावांमागे खरा विचार होता. आकार पाहून कोणती शिवण मिटली ते ओळखायचे, हे त्यांचे प्रयोजन. माझे म्हणणे एवढेच की एका आकाराला एकच कारण असेल तोवरच हे प्रयोजन साधते, आणि प्लेजिओसेफलीच्या बाबतीत ते कधीच पुरते साधले नाही.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला. झोपेत होणारे आकस्मिक मृत्यू त्याने पुष्कळ घटले आणि तो सल्ला योग्यच होता. पण पाठीवर निजून मागून एका बाजूला चपटे झालेले डोके घेऊन येणारी बाळे वाढली. त्यांतल्या काहींची शिवण मिटली आहे असे समजून शस्त्रक्रियाही झाल्या. निजण्याने आलेला चपटेपणा आणि मिटलेली शिवण, या दोन्ही अवस्थांना प्लेजिओसेफली हे एकच नाव होते. डोके वरून पाहिले की फरक कळतो. निजण्याने आलेल्या चपटेपणात त्या बाजूचा कान पुढे सरकतो, कपाळही त्याच बाजूला पुढे येते आणि डोक्याचा समांतरभुज चौकोन होतो. मागची लॅम्डॉइड शिवण खरोखर मिटली असेल तर त्याच बाजूला कानामागे उंचवटा येतो आणि डोके समलंब दिसते. पहिल्या बाळाला कूस बदलणे, जागेपणी पालथे ठेवणे किंवा फार तर हेल्मेट पुरते. दुसऱ्याला शस्त्रक्रिया लागते. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. तिचा संबंध असलाच तर पहिल्या प्रकाराशी, मिटलेली शिवण तिने उघडत नाही.

शिवणीचे नाव तरी पुरेसे कुठे आहे, असे कोणी म्हणेल. आपेर यांनी १९०६ मध्ये आणि क्रूझों यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारांत कवटीबरोबर चेहराही बदलतो, आपेरमध्ये बोटेही जुळलेली असतात. एकट्या शिवणीच्या नावात हे मावत नाही, ही हरकत रास्त आहे. मग जनुकाचेच नाव का देऊ नये? १९९४-९५ मध्ये दोन्ही विकारांचे मूळ एफजीएफआर-२ या एकाच जनुकात सापडले, आणि याच जनुकातला एकच बदल एका घराण्यात क्रूझों, तर दुसऱ्या घराण्यात फायफर सिंड्रोम हा निराळा विकार घडवतो हेही दिसले. म्हणजे जनुक कळले तरी समोरच्या बाळाची कोणती शिवण मिटली आहे ते सांगता येत नाही. त्यासाठी कवटीच पाहावी लागते. निदान लिहिताना शिवण आधी, आकार नंतर आणि जनुक माहीत असल्यास त्यापुढे, हा क्रम मला म्हणूनच योग्य वाटतो; नुसत्या ‘प्लेजिओसेफली’वर कोणत्याही बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ नये.