लश्करातल्या वाड्यांचा उजेड

मंडळी, ग्वाल्हेरच्या उजेडाची गोष्ट निघाली की सगळ्यांना जयविलासच्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं आठवतात. महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांच्या काळातला, आराखडा मायकेल फिलोज यांचा. एकेका झुंबराचं वजन सुमारे साडेतीन टन. छत पेलेल का, हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते म्हणतात. लश्करातल्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगून झालेली आहे. पण झुंबराखाली बसून कुणी पोथी वाचली नाही की तांदूळ निवडले नाहीत. त्या कामांचा उजेड वेगळा, आणि तो आपल्या वाड्यांत होता.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, तिचंच पुढे लश्कर शहर झालं. दक्षिणेतून आलेल्या मंडळींनी घर बांधायची रीतही बरोबर आणली. मधे उघडा चौक, भोवती ओसरी, आत माजघर. दिवसाचा उजेड चौकात उतरायचा, फरशीवरून आणि चुन्याच्या भिंतींवरून परतून आत पोचायचा. ऊन डोळ्यांवर येत नसे, पण माणसाचा चेहरा नीट दिसायचा.

तिन्हीसांजेला कोनाड्यांचं काम सुरू. कोनाडा म्हणजे नुसती दिवा ठेवायची जागा नव्हे. तिन्ही बाजूंनी वाऱ्याला आड, बाजूने जाणाऱ्याच्या डोळ्यांत ज्योत खुपत नाही, आणि पांढरा चुना उजेड पुढे ढकलतो. जिन्याच्या वळणावर कोनाडा असायचाच, कारण पाय तिथेच चुकतो. देवघरात समई खाली, मूर्तीच्या बाजूला. लामणदिवा साखळीला, हवा तसा वर-खाली घेता येणारा.

मग घासलेट आलं, कंदील आले. ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरांत नावाजलेला. रोज संध्याकाळी राखेने काच पुसायची, वात कातरायची. अभ्यासाला पोरं कंदिलाभोवती दाटीने बसत, कारण दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. हा हिशोब शाळेत नंतर शिकवत, पोरांना तो आधीच कळलेला असे.

आज इंटिरिअर शिकणाऱ्या मुलामुलींना अमेरिकेतले रिचर्ड केली शिकवतात. त्यांनी १९५२ मध्ये घरातल्या उजेडाचे तीन प्रकार मांडले: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, नेमक्या जागी पडणारा उजेड, आणि नुसता चमचमाट. आता वाडा आठवा. चौक पहिला, समई-कंदील दुसरा, हंड्या-झुंबरं तिसरा. केलींनी नावं दिली, वापर आपल्या घरांत आधीपासून होता.

हे आत्ता लिहायचं कारण असं की वाडे पाडले जाताहेत, नाहीतर दुरुस्त होताहेत. दुरुस्तीत पहिले बुजतात ते कोनाडे. वर फॉल्स सीलिंग, त्यात ओळीने पांढरेफटक दिवे. खोली लख्ख दिसते, पण ओट्यापाशी भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर पडते. पलंगावर आडवं झालं की दिवा थेट डोळ्यांत. त्रास सगळ्यात जास्त आजी-आजोबांना. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो, आणि झगमगाटाने तो डोळा दिपतोही लवकर. म्हणून त्यांना उजेड जास्त हवा, पण डोळ्यांआड ठेवलेल्या दिव्याचा.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवायच्या आधी एक संध्याकाळ घरभर फिरा. कोण कुठे बसून काय करतं, ते कागदावर मांडा. ओट्यावरचा दिवा कपाटाखाली, समोरून घ्या. वाचायचा दिवा खांद्याच्या मागून, बाजूने येऊ द्या. बसा-निजायच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब घ्या. ६५०० चा पांढरा तिथे दवाखान्यासारखा वाटतो. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर खाली, पायांजवळ एक बारीक दिवा असू द्या.

आणि जिन्यातला कोनाडा बुजवू नका. आत छोटा एलईडी बसवा, दिसायला नको असेल तर पुढे कड काढा. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे कुणाचा तरी पाय चुकताना पाहिला होता, म्हणूनच ती जागा दिव्यासाठी ठरली.

ग्वाल्हेर असो, इंदूर, बडोदा की बेळगाव, तुमच्या घरात कोनाडे कुठे कुठे होते? फोटो असतील तर टाका. नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा, लवकर.